माझ्या वाटणीचं पाणी

मित्रांनो, माझं सगळं अंग जमिनीखाली आहे, वर आहे ते फक्त तोंड. मी एक जुना अर्थिंगचा पाइप आहे. खर्ड्याजवळच्या एका वाडीत, कारभारी आणि रतनबाई यांच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला लागून मी आठ फूट खोल उभा आहे. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. तो कुठे पुरला आहे हे घरात विचारून बघा. बहुतेकांना सांगता यायचं नाही. टीव्ही कुठे आहे, फ्रिज कुठे आहे, हे मात्र पाहुण्यालाही ठाऊक असतं. पूर्वी मला या गोष्टीचा फार राग यायचा. आता येत नाही, असं म्हणतो तरी.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटलं होतं की आपल्यातून पाणी वाहणार. जामखेडच्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्यासारखे पुष्कळ पाइप उभे होते. कोणी विहिरीवर गेला, कोणी नळाला लागला. मी तीन वर्षं कोपऱ्यात धूळ खात राहिलो. एके दिवशी एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं, आतून डोळा लावून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो द्या." ते गिदोनभाऊ.

गिदोनभाऊ आमच्याच वाडीचे. भिंगारला लष्कराच्या हद्दीत त्यांनी एकतीस वर्षं वायरमनचं काम केलं आणि निवृत्त होऊन गावी परतले. कामात फार कडक. स्क्रूची खाच आडवी राहिली तर ती उभी केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांचे बालमित्र कारभारी यांनी अठरा वर्षांपूर्वी दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं, तेव्हा विजेचं काम साहजिकच गिदोनभाऊंकडे आलं.

त्यांनी माझ्या अंगाला भोकं पाडली. अंगणात आठ फुटांचा खड्डा घेतला. मला मधोमध उभं केलं आणि भोवती एक थर कोळशाचा, एक थर खड्याच्या मिठाचा, असं भरत आणलं. माझ्या तोंडावर नरसाळं बसवलं. कारभारी कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होते.

"गिदोन, लाइट वरून येती आन् तू जमिनीत काय भरतो? मिठाचं पोतं संपवलंस की लेका."

"कारभारी, तुझ्या घराला मोरी हाय का न्हाई?"

"हाय की."

"कशाला केली? सांडपानी घरात तुंबू नये म्हनून ना? मग ही विजेची मोरी हाय. आभाळातली वीज तारंवर पडली, न्हाईतर लाइनीतनं एकदम जास्तीची लाइट आली, तर तिला भायेर जायला वाट पायजे. वाट न्हाई मिळाली तर ती घरात घुसती आन् दिसंल ते जाळती."

मग नगरहून आणलेली एक लहानशी डबी त्यांनी मीटरजवळच्या बोर्डात बसवली. तिला सर्ज प्रोटेक्टर म्हणतात. जास्तीची वीज आली की ती ओळखायची आणि हिरव्या तारेने माझ्याकडे वळवायची, हे तिचं काम. ती वीज मातीत सोडायची, हे माझं. डबीला सगळे नावाने ओळखतात. माझ्याशिवाय ती काय करणार, हे कोणी विचारत नाही. असो.

"एक मातर हाय," गिदोनभाऊ हात झटकत म्हणाले. "कोरड्या मातीतनं वीज जात न्हाई. ह्या नरसाळ्यात रोज तांब्याभर पानी वतायचं. खंड पडू द्यायचा न्हाई."

कारभारींनी कपाळाला हात लावला. आमच्या वाडीत त्या वर्षी संक्रांतीपासूनच टँकर सुरू झाला होता. "मानसाला प्यायला न्हाई आन् पाइपाला पाजू?"

तेवढ्यात मोरीत भांडी घासत बसलेल्या रतनबाईंनी विचारलं, "भाऊ, भांडी इसळल्यालं पानी चालंल का?"

"चालंल का म्हंजे? त्यात मीठ आसतं, वैनी. आजून ब्येस!"

आणि माझं अन्नपाणी ठरून गेलं. पाणी वाहून न्यायची स्वप्नं बघणारा मी, पाणी पिण्यासाठी पुरला गेलो. रोज सकाळी भांडी झाली की रतनबाई ते पाणी एका काठ मोडलेल्या तांब्यात घेत आणि सावकाश माझ्या नरसाळ्यात ओतत. कधी आमटीची चव असे, कधी राखेची, कधी ताकाची. ते पाणी भोकाभोकातून झिरपत कोळशात आणि मिठात उतरे आणि भोवतीची माती गार होई. दुष्काळाच्या एका वर्षी तर टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. तेव्हाही अर्धा का होईना, माझा तांब्या चुकला नाही. "तेवढं ह्याचं झालं की मी मोकळी," असं त्या पुटपुटायच्या.

मला पुरल्यानंतर पाचव्या वर्षी माझी परीक्षा झाली. एप्रिलातली दुपार होती. आभाळ काळंनिळं झालं, पण पावसाचा थेंब नाही. एकाएकी ओढ्याकडच्या विजेच्या खांबावर वीज पडली. क्षणभरात ती तारेवरून आमच्या बोर्डापर्यंत आली, डबीने तिला वळवलं आणि माझ्या अंगातून काहीतरी प्रचंड धावत गेलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग ते ओल्या मातीत पसरलं आणि विरून गेलं. शेजारच्या दगडाबाईंचा टीव्ही जळला, पलीकडच्या दोन घरांतले पंखे आणि मिक्सर गेले. आमच्या घरात मात्र पंखा फिरतच होता.

गिदोनभाऊ धावत आले. त्यांनी बोर्ड पाहिला, मग माझ्याजवळ बसून हाताने माती चाचपली. "वैनी, ही वल तुमी राखली म्हनून वाचलं सगळं," एवढंच ते बोलले. त्या वर्षी खंडेनवमीला रतनबाईंनी घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर माझीही पूजा केली. मला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच फूल बाजूला सारलं आणि रोजच्यासारखं भांड्यांचं पाणी ओतलं. पुढे दर दसऱ्याला असंच होत राहिलं.

दसऱ्याला त्यांचा मुलगा करण आणि सून निकिता नगरहून यायची. करण तिथल्या एका कारखान्यात कामाला होता. दोन दिवस राहून दोघं परत जायची. निकिता सासूच्या मागे हातात ताट धरून उभी राहायची आणि माझ्यासमोर हात जोडायची. माझ्या आयुष्यातला सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला. पण तेव्हा तो कोणाला कळला नाही, मलाही नाही.

चौदा वर्षं रतनबाईंनी मला पाणी पाजलं. चार वर्षांपूर्वी पौषात त्यांना ताप आला आणि आठवड्यात त्या गेल्या. शेवटच्या सकाळीही कोणाच्या तरी हाताने त्यांनी माझा तांब्या पाठवला होता. त्यानंतर तो आला नाही.

कारभारी एकटे पडले म्हणून निकिता वाडीला राहायला आली. करण आठवड्याच्या सुट्टीला यायचा. निकिता मनाने फार चांगली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, सासूला आत्या. आत्यांची एकही गोष्ट मोडायची नाही, असं तिने ठरवलं होतं. म्हणूनच आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दगडाबाईंना म्हणाली, "आत्या ह्या पाइपाची पूजा करायच्या. मी आता रोज करनार. आन् मोरीचं पानी इकडं येतं, ते आधी बंद केलं पायजे. देवाच्या अंगावर खरकटं कसं जाऊ द्यायचं?"

तिने मोरीच्या पाण्याला पलीकडून वाट काढली. अंगणात ब्लॉक बसवून घेतले. माझ्याभोवती पांढऱ्या फरशीचा छोटा ओटा बांधला. नरसाळ्यात केरकचरा जाऊ नये म्हणून त्यावर घट्ट झाकण बसवलं. रोज सकाळी अंघोळ झाली की ती झाकणावर कुंकू वाहायची, फूल ठेवायची आणि फुलपात्रातलं चार थेंब पाणी शिंपडायची. ते फरशीवरच वाळून जायचं.

मित्रांनो, पहिले काही दिवस मी हुरळून गेलो होतो. वाडीतलं कोणतंही यंत्र, कोणताही पाइप एवढ्या मानाने राहत नव्हता. येणारीजाणारी माणसंही वाकून नमस्कार करू लागली. पण उन्हाळा आला तसा माझा घसा सुकायला लागला. भोवतीचं मीठ दगडासारखं घट्ट झालं. कोळसा कोरडा ठणठणीत झाला. माती आक्रसली आणि माझ्या अंगापासून सुटून मागे सरकली. मी आतल्या आत ओरडत होतो की कुंकू पुरे झालं, आमटीचं पाणी द्या. पण पाइपाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? पावसाळ्यातलं पाणीही ब्लॉकवरून वाहून बाहेर जायचं.

याच काळात कारभारींची छाती बिघडली. बावीस वर्षं त्यांनी खडी क्रशरवर काम केलं होतं. त्या दगडाच्या भुकटीने त्यांची फुप्फुसं कडक झाली होती. चार पावलं चालले तरी त्यांना दम लागायचा. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, दिवसातले सोळा तास. करणने मशीन आणलं, इन्व्हर्टर आणला. जुनी डबी पिवळी पडली होती, म्हणून तिच्या जागी नवी, भारीतली डबी मागवली. कारभारींच्या नाकाला पारदर्शक नळी लागली आणि घरात दिवसभर मशीनची घरघर सुरू झाली. ती घरघर म्हणजे त्यांचा श्वास होता.

रतनबाई गेल्या त्या वर्षीपासूनच गिदोनभाऊ वाडीत नव्हते. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते भिंगारला त्यांच्या मुलीकडे, शॅरनकडे गेले होते आणि एका डोळ्यानंतर दुसरा, असं ते दुखणं लांबलं होतं. म्हणून डबी बसवायला जामखेडहून एक इलेक्ट्रिशियन आला.

"अर्थिंग हाय ना चांगलं? त्याच्याबिगर ह्या डबीचा काय उपेग न्हाई," त्याने विचारलं.

"हाय की," निकिता म्हणाली. "आत्यांच्या येळचं हाय. रोज पूजा करते मी त्याची."

तो बाहेर आला. पांढरी फरशी, ताजं फूल, कुंकू पाहून त्याने नकळत हात जोडले. हिरवी तार जोडली आणि निघून गेला. त्याच्या पिशवीत तपासायचं मीटर होतं, ते त्याने बाहेरच काढलं नाही. ज्याला नमस्कार केला, त्याची तपासणी करायला माणसांचा हात धजत नाही.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल आला. दुपारचे तीन वाजले असतील. आभाळ तसंच काळंनिळं झालं, तसाच थेंब नाही. मला ती पहिली परीक्षा आठवली आणि माझं सगळं लोखंड थरारलं. मला ठाऊक होतं की यावेळी मी नापास होणार.

वीज पडली. तारेवरून आली. नव्या डबीने आपलं काम चोख केलं आणि तिला माझ्याकडे वळवलं. ती माझ्या दारात आली आणि मी तिला वाट देऊ शकलो नाही. भोवती एक थेंब ओल नव्हती. ती परत फिरली, घरात शिरली. आतून फटकन आवाज आला, जळका वास आला आणि मशीनची घरघर थांबली.

ती शांतता मी कधी विसरणार नाही.

"मामा! मामा!" निकिताची हाक मी ऐकली. इन्व्हर्टरही जळला होता. अडीअडचणीला ठेवलेलं ऑक्सिजनचं लहान सिलिंडर नेमकं भरायला जामखेडला गेलं होतं. ती अनवाणी बाहेर धावली आणि तिने समोरच्या घरातल्या गोरक्षनाथला हाक मारली. त्याचा टेम्पो दारातच उभा होता. चौघांनी कारभारींना खुर्चीसकट उचललं. ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती. ओट्याजवळून नेताना त्यांचा लोंबणारा हात माझ्या फरशीवरून घासत गेला. तेवढ्यातही ते तुटक तुटक बोलत होते, "पोरी... घाबरू... नगं..."

टेम्पो गेला. अंगणात फक्त मी राहिलो. माझ्या झाकणावर सकाळचं फूल होतं. त्या फुलाची मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

कारभारी वाचले. जामखेडला वेळेवर ऑक्सिजन मिळाला, मग नगरला बारा दिवस काढावे लागले. परत आले ते मात्र अर्धे होऊन. पूर्वी सोळा तास लागणारं मशीन आता दिवसरात्र लागू लागलं. नवं मशीन आलं. आणि बातमी कळताच, हिरवा चष्मा लावलेले गिदोनभाऊही आले.

त्यांनी कोणाशी काही न बोलता मीटर लावलं. काटा पाहिला. पुन्हा लावलं. मग मांडी घालून माझ्याजवळ बसले.

"निकिता, ह्याला पानी कवा घातलं हुतं?"

"रोज घालते की, भाऊकाका. फुलपात्रातलं शिंपडते."

"शिंपडते," ते हळूच म्हणाले. "बाळा, ही मोरी हाय. विजेची मोरी. ह्याला भांड्याचं पानी लागतं. तुझी सासू रोज घालायची."

निकिताचा चेहरा पांढरा पडला. "मला कोनी सांगितलंच न्हाई... मी तर दसऱ्यालाच यायची. मला कुकूच दिसलं." ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. "माझ्यामुळं झालं. मामांचा जीव चालला हुता माझ्यामुळं."

उंबऱ्यात कारभारी येऊन उभे होते. नाकातली नळी मागे खोलीपर्यंत ताणली गेली होती. त्यापुढे त्यांना येता येत नव्हतं. दम खात खात ते बोलले.

"रडू नगं. तुझ्या सासूनं वर्सातनं... एक दिस कुकू लावलं आन्... बाकीचं समदं दिस पानी घातलं. तुला एकच दिस दिसला. त्यात तुझा काय दोस?" ते थांबले. श्वास जमवला. "मला तर समदंच म्हाईत हुतं. चौदा वर्सं रोज बगत हुतो. मीच बोललो न्हाई. त्यो तांब्या कुनाच्या हातात बगितला आसता तर... तीच दिसली आसती मला. म्हनून गप ऱ्हायलो. चूक माजी हाय."

निकिताने मान वर केली. गिदोनभाऊंनी चष्मा काढून डोळे पुसले, ऑपरेशनचे डोळे पुसायचे नसतात हे विसरून.

त्याच दिवशी ओटा फुटला. झाकण निघालं. माझ्याभोवतीचं दगड झालेलं मीठ उकरून नवं मीठ, नवा कोळसा भरला. मोरीच्या पाण्याची वाट पुन्हा जुन्या जागी आली. माळ्यावरच्या गोणीत काठ मोडलेला तो तांब्या सापडला. निकिताने भांडी घासली, पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्यासमोर येऊन थबकली. इतके दिवस पुजलेल्या वस्तूवर खरकटं पाणी ओतायला तिचं मन धजेना.

"वत, पोरी," उंबऱ्यातून कारभारी म्हणाले.

तिने ओतलं. तुरीच्या आमटीचं पाणी होतं. तीन वर्षांनी माझा घसा ओला झाला. पाइपाला रडता येत असतं तर मी त्या वेळी रडलो असतो.

या वर्षी मे महिन्यात वीज पुन्हा आली. दुपारची जेवणं झाली होती. माझ्या अंगातून तेच प्रचंड काहीतरी धावत गेलं आणि ओल्या मातीत विरलं. घरात दिवा एकदा लुकलुकला. मशीनची घरघर क्षणभरही थांबली नाही. कारभारी झोपले होते, त्यांची झोपही मोडली नाही. माझं काम हे असं आहे, मित्रांनो. ते नीट झालं तर काहीच घडत नाही.

म्हणून माझं एवढं मागणं आहे. घरात महागड्या वस्तू आणाल, त्यांच्या रक्षणाला डब्याही आणाल. पण जमिनीखाली माझा भाऊ कोरडा पडला असेल तर त्यांचा काही उपयोग नाही. तुम्ही स्वतः तारांना हात लावू नका. मोठ्यांना आठवण करून द्या, जाणत्या वायरमनला बोलावून वर्षातून एकदा मीटर लावून घ्या, आणि नरसाळं असेल तर त्यात पाणी जातंय का, बघा. खंडेनवमीला कुंकूही लावा. मला ते आवडतं, मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फूल बाजूला सारून पाणी ओतणारं कोणीतरी घरात असू द्या. आणि जे काम तुम्हाला ठाऊक आहे, ते पुढच्या माणसाला तोंडाने सांगून ठेवा. कोणी बघून शिकेल, या भरवशावर राहू नका.

आता रोज सकाळी भांडी झाली की आतून, नाकाला नळी लावलेल्या कारभारींची दमलेली हाक येते. रतनबाई होत्या तेव्हा त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.

"निकिता, पाइपाचं झालं का गं?"

"झालं, मामा," ती म्हणते, आणि रिकामा तांब्या माझ्याशेजारी पालथा घालते.